कर्नलचे फसवे इशारे: आभासी ब्लॉक डिव्हाइस, मेमरी-कॅश आणि चुकलेली ओळख

लिनक्स कर्नलला चालता चालता काही अनपेक्षित आढळले, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पुढे जाण्यात डेटाचा नाश होण्याची शक्यता असेल तर तो थांबतो. प्रकरण तितके गंभीर नसेल तर नोंद करून पुढे जातो. ही दुसरी वाट म्हणजे वॉर्न. डीमेसेजच्या नोंदीत 'कट हिअर' लिहिलेली तुटक रेघ उमटते आणि तिच्याखाली सीपीयूचा व प्रोसेसचा क्रमांक, सोर्स फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक, रजिस्टरे आणि शेवटी कॉल ट्रेस येतो. ज्या इशाऱ्यामागे डेटा बिघडण्याचा, मेमरी गळण्याचा किंवा यंत्र अडकून पडण्याचा खरा धोका नसतो, तो फसवा इशारा. लॉकडेप, केमेमलीक, हंग टास्क या तपासणी यंत्रणांचे निराधार अहवालही याच सदरात मोडतात.

फसवा आहे म्हणून तो सोडून देता येत नाही. पहिल्या वॉर्नबरोबर कर्नलवर 'डब्ल्यू' हा टेंट (डागाची खूण) बसतो, म्हणजे टेंटच्या आकड्यात ५१२ मिळवले जातात, आणि यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत तो निघत नाही. नंतर आलेल्या प्रत्येक तक्रारीकडे मग संशयाने पाहिले जाते. 'पॅनिक ऑन वॉर्न' चालू ठेवलेल्या सर्व्हरवर एका निरुपद्रवी वॉर्नने अख्खे यंत्र कोसळते. कर्नलची अहोरात्र चाचणी घेणारा सिझबॉट अशा इशाऱ्यावर थांबतो आणि त्यापलीकडचे दोष त्याला दिसतच नाहीत. सर्वांत मोठे नुकसान लॉकडेपच्या बाबतीत होते. पहिला अहवाल छापला की लॉकडेप स्वतःला बंद करून घेतो. तो पहिला अहवाल फसवा निघाला, तर त्यानंतरचा खरा डेडलॉक त्याच्या नजरेतून निसटतो. निराधार इशाऱ्याची किंमत खऱ्या दोषाच्या लपण्यात मोजावी लागते, आणि म्हणूनच त्याचा छडा लावण्यावर अनुभवी कर्नल विकासक इतके तास घालवतात.

असे इशारे कर्नलच्या कोणत्याही भागात येऊ शकतात, पण आभासी ब्लॉक डिव्हाइस आणि मेमरी-कॅश यांच्या सांध्यावर त्यांची दाटी जास्त असते. तपासणी यंत्रणा वस्तूला तिच्या नावावरून, कोडमध्ये ती जन्मते त्या जागेवरून किंवा मेमरीतल्या पत्त्यावरून ओळखते. प्रत्यक्ष हार्डवेअरच्या ड्रायव्हरमध्ये ही ओळख बहुधा पुरते. आभासी डिव्हाइसांत मात्र तेच कोड एकाच वेळी अनेक प्रतींत चालते, त्या प्रती एकमेकींवर रचलेल्या असतात आणि प्रत्येक थर मेमरी मागतो. दोन वेगळ्या वस्तू यंत्रणेला एकच वाटू लागतात. पुढे आलेली बहुतेक उदाहरणे या एका गल्लतीची निरनिराळी रूपे आहेत.

थरांची रचना

आभासी ब्लॉक डिव्हाइस म्हणजे ज्याच्यामागे थेट यंत्रसामग्री नाही, पण कर्नलला जे डिस्कसारखेच दिसते असे डिव्हाइस. लूप डिव्हाइस साध्या फाइलला डिस्कचे रूप देते. डिव्हाइस मॅपर एका किंवा अनेक डिव्हाइसांवर नवा थर चढवतो. एलव्हीएम, डीएम-क्रिप्ट, डीएम-थिन, डीएम-व्हेरिटी आणि डीएम-कॅश ही त्याचीच लेकरे. एनबीडी दूरच्या यंत्रावरची डिस्क नेटवर्कवरून आणते. झेडरॅम मेमरीचाच एक भाग दाबून म्हणजे कॉम्प्रेस करून डिस्क म्हणून पुढे करतो आणि बहुधा स्वॅपसाठी वापरला जातो. तो २०१४ साली ३.१४ आवृत्तीत स्टेजिंगमधून मुख्य कर्नलमध्ये आला.

मेमरीच्या बाजूला तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. फाइलींचा मजकूर धरून ठेवणारी पेज कॅश, एकाच आकाराच्या वस्तू झटपट देणारी स्लॅब कॅश, आणि मेमरी कमी पडली की या कॅश आकसवून जागा मोकळी करणारी रिक्लेम यंत्रणा. काही आभासी डिव्हाइसे स्वतःची वेगळी कॅशही बाळगतात. डीएम-बफआयओ हे त्याचे ठळक उदाहरण: थिन पूल, व्हेरिटी, इंटिग्रिटी यांना लागणारे मेटाडेटाचे ब्लॉक ते मेमरीत राखते आणि मेमरीची टंचाई झाली की रिक्लेम ज्याला बोलावतो त्या श्रिंकरमार्फत सोडते. अडचणीची जागा नेमकी इथे आहे. मेमरी मोकळी करण्यासाठी डिस्कवर लिहावे लागते, आणि डिस्क आभासी असेल तर लिहिण्यासाठीही मेमरी लागते.

एकाच नावाच्या दोन कॅश

स्लॅबची कल्पना जेफ बॉनविक यांनी १९९४ साली सोलारिससाठी मांडली. लिनक्सने ती उचलली, आणि २००७ साली क्रिस्टोफ लॅमीटर यांचा स्लब हा नवा अवतार २.६.२२ मध्ये आला. जुना स्लॅब २०२४ च्या ६.८ आवृत्तीत काढून टाकला गेला, त्यामुळे आता एकटा स्लब उरला आहे. प्रत्येक कॅशला तयार करताना नाव दिले जाते. हे नाव प्रॉकमधल्या स्लॅबइन्फो फाइलीत, स्लॅबटॉपमध्ये आणि सिसएफएसच्या स्लॅब डिरेक्टरीत दिसते. मेमरी कुठे जाते आहे हे शोधणाऱ्याचा सारा भरवसा या नावावर असतो.

एकच नाव दोनदा दिले तर काय, याबाबत कर्नलचे धोरण बराच काळ सैल होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१२ आवृत्तीत नियम कडक झाला. डीबग-व्हीएम हा पर्याय चालू असेल आणि त्याच नावाची कॅश आधीच यादीत असेल, तर 'या नावाची केमेम कॅश आधीच अस्तित्वात आहे' अशा अर्थाचा वॉर्न येऊ लागला. कॅश मात्र तयार होते आणि कामही बिनबोभाट चालते. एका चाळीत एकाच नावाची दोन माणसे राहत असली तरी दोघांचा संसार व्यवस्थित चालतो. घोळ होतो तो पत्र वाटणाऱ्याचा. इथे पत्र वाटणारा म्हणजे स्लॅबटॉप.

नियम लागू होताच डिव्हाइस मॅपर अडकला. डीएम-बफआयओचा प्रत्येक ग्राहक, म्हणजे प्रत्येक थिन पूल किंवा कॅश डिव्हाइस, स्वतःची बफर-कॅश तयार करतो. कॅशच्या नावात 'डीएम बफआयओ बफर' या शब्दांपुढे फक्त बफरसोबतच्या जोड-माहितीचा आकार असे. एकाच जातीच्या दोन डिव्हाइसांत हा आकार एकच, म्हणून नावही एकच. यावरून एक खूण हाती लागते: पहिले डिव्हाइस उभे करताना काहीच होत नाही, दुसरे उभे करताना इशारा येतो. पहिले काढून टाकून मग दुसरे केले तरी तो येत नाही. दोष एखाद्या डिव्हाइसच्या आत नसून दोघांच्या एकत्र असण्यात आहे, हे या साध्या प्रयोगातून कळते. कॉल ट्रेसमध्येही वरून खाली तीच कथा दिसते: सर्वांत वर कॅश तयार करणारे फंक्शन, त्याखाली बफआयओचा ग्राहक तयार करणारे, त्याखाली मेटाडेटा उघडणारे, आणि तळाला डीएमसेटअपने पाठवलेला आयओकंट्रोल. डिस्कवर वाचन-लेखन करणारे एकही फंक्शन त्यात नाही. डेटाच्या वाटेवर काही बिघडले नसल्याचा हा पुरावा समजायला हरकत नाही.

डीएम-कॅशमध्ये हाच इशारा वेगळ्या वस्तूवरून आला. पार्श्वभूमीला ब्लॉक हलवण्याच्या कामांची नोंद ठेवणारा भाग प्रत्येक डिव्हाइससाठी 'बीटी वर्क' नावाची स्लॅब कॅश स्वतंत्रपणे उघडत असे. दोन कॅश डिव्हाइसे केली की दोन 'बीटी वर्क'.

दोन्ही ठिकाणी लक्षण एकच होते, तरी २०२४ च्या अखेरीस आलेली दुरुस्ती वेगवेगळी होती आणि तिथेच या प्रकरणातले खरे कौशल्य दिसते. डीएम-कॅशमधल्या नोंदीचा आकार सगळ्या डिव्हाइसांना समान असतो. मग प्रत्येकासाठी वेगळी कॅश हवीच कशाला? मॉड्यूल सुरू होतानाच एक सामाईक कॅश करून ठेवली की भागते. डीएम-बफआयओत हे जमत नाही, कारण जोड-माहितीचा आकार ग्राहकागणिक बदलू शकतो आणि मॉड्यूल सुरू होताना तो ठाऊक नसतो. तिथे नावापुढे चढत जाणारा अंक, म्हणजे अॅटॉमिक काउंटर, जोडण्यात आला. पहिल्या ठिकाणी इशाऱ्याने रचनेतला एक अनावश्यक खर्च उघडा पाडला. दुसऱ्या ठिकाणी फक्त नाव अपुरे होते.

वेगळे नाव द्यायचे तर डिव्हाइसचे स्वतःचे नावच का लावू नये, असे सहज वाटते. हा मोह कुठे नेतो हे ९पी फाइल सिस्टिमच्या दुरुस्तीत दिसले. तिथेही एकाच नावाच्या कॅश तयार होत होत्या आणि उपाय म्हणून नावात माउंट करताना दिलेले डिव्हाइसचे नाव घातले गेले. पण ते नाव कसलेही असू शकते. 'डेव्ह रूट'सारख्या नावात तिरकी रेघ असते. स्लॅबचे नाव सिसएफएसमध्ये फाइलीचे नाव म्हणून उमटते, आणि डिरेक्टरी वाचताना नावात तिरकी रेघ दिसली की कर्नल ती नोंद नाकारतो. स्लॅबची अख्खी डिरेक्टरी वाचताना चूक येऊ लागली. ६.१२ तयार होत असतानाच लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते काढून तिथेही साधा चढता अंक घातला. बाहेरून येणारी अक्षरे ओळख म्हणून वापरू नयेत हा धडा आभासी ब्लॉक डिव्हाइसांना तर दुप्पट लागू आहे, कारण त्यांची नावे वापरकर्ताच ठरवतो.

हाच इशारा काही यंत्रांवर येतो आणि काहींवर येत नाही, याचीही कारणे आहेत. एक तर डीबग-व्हीएम चालू हवे. दुसरे, स्लब हा एकाच आकाराच्या व सारख्या गुणांच्या कॅश एकत्र करतो. पहिली कॅश दुसऱ्याच एखाद्या कॅशमध्ये विलीन झाली असेल, तर तिचे नाव मुख्य यादीत येतच नाही आणि तुलना करायला काही उरत नाही. त्यामुळे पुनरुत्पादन करताना 'स्लॅब नोमर्ज' हा बूट पर्याय देणे शहाणपणाचे.

एक सावधगिरी मात्र हवी. मॉड्यूल काढून पुन्हा भरताना जर हाच इशारा आला, तर त्याच्या आधीची नोंद पाहावी. 'कॅशमध्ये अजून वस्तू शिल्लक आहेत' अशी ओळ तिथे असेल, तर जुनी कॅश मेलीच नाही, कारण कोणीतरी वस्तू परत केल्या नाहीत. शब्द तेच, पण ही मेमरीची खरी गळती.

लॉकडेप आणि थरांवरचे थर

इंगो मोल्नार यांच्या पुढाकाराने २००६ साली २.६.१८ मध्ये आलेला लॉकडेप प्रत्यक्ष डेडलॉक होण्याची वाट पाहत नाही. कोणते लॉक हातात असताना कोणते मागितले याची साखळी तो जोडत जातो आणि साखळी वर्तुळात मिटली की बोलतो. त्याची ताकद आणि त्याची मर्यादा एकाच निर्णयात आहे: तो प्रत्येक लॉक वेगळे धरत नाही, लॉकचे वर्ग धरतो. कोडमध्ये एका जागी तयार झालेली हजार लॉके एकाच वर्गाची.

याची पहिली ठेच ब्लॉक डिव्हाइसांनाच लागली. विभाजन म्हणजे पार्टिशन उघडताना आधी विभाजनाचे लॉक आणि मग पूर्ण डिस्कचे लॉक घेतले जाई. दोन्ही एकाच वर्गाची, म्हणून लॉकडेपला ते स्वतःतच अडकलेले दिसले. विभाजन आणि पूर्ण डिस्क यांना वेगळे उपवर्ग देऊन ते मिटवण्यात आले. मात्र उपवर्ग आठच मिळतात. पार्टिशनला दोन पुरतात. लूपवर डीएम-क्रिप्ट, त्यावर थिन पूल, त्यातल्या फाइलीवर पुन्हा लूप अशा मनोऱ्याला आधी ठरवलेली खोली नसते.

२०१९ च्या ५.१ आवृत्तीपासून चालत्या कर्नलमध्ये नव्या वर्गाची नोंद करता येऊ लागली. प्रत्येक डिव्हाइसला स्वतःची चावी देता येते, डिव्हाइस मोडले की ती परत करायची. उपाय चांगला आहे, पण फुकट नाही. लॉकडेपकडे सुमारे आठ हजार वर्गांचीच जागा आहे. हजारो डिव्हाइसे करणारी चाचणी ती भरून टाकू शकते, आणि मग लॉकडेप जागा संपल्याची तक्रार करून बंद होतो. शिवाय प्रत्येक डिव्हाइसचा वर्ग वेगळा केला, की त्या जातीच्या सर्व डिव्हाइसांना लागू होणारा एखादा खरा उलटा क्रम लॉकडेपला शिकायला फार वेळ लागतो. वर्ग फोडणे हा म्हणून शेवटचा उपाय धरावा.

रचना बदलून इशारा घालवण्याचे बोलके उदाहरण झेडरॅमचे आहे. डिव्हाइसचा आकार ठरवताना झेडरॅम आपले इनिट-लॉक लेखनासाठी घेई. त्याच लॉकखाली मेमरी मागितली, तर टंचाईत रिक्लेम सुरू होऊन पाने स्वॅपकडे जाऊ लागत, आणि स्वॅप झेडरॅमवर असेल तर त्याच जातीचे लॉक वाचनासाठी घ्यावे लागे. आकारही न ठरलेले डिव्हाइस स्वॅप म्हणून वापरात असूच शकत नाही, म्हणजे त्या एका डिव्हाइसपुरता डेडलॉक अशक्य. लॉकडेपला मात्र तयार होत असलेला एक झेडरॅम आणि स्वॅपला जोडलेला दुसरा यांतला फरक कळत नाही. सुरुवातीला मेमरी लॉकच्या बाहेर मागून वेळ मारून नेली गेली. मग स्लॅब कॅश मोडताना घेतले जाणारे सीपीयू-हॉटप्लगचे लॉक साखळीत आले आणि नवा इशारा सुरू झाला. २०१५ साली ४.० आवृत्तीसाठी वाचन-लेखनाच्या वाटेवरून इनिट-लॉकच उचलण्यात आले. त्याच्या जागी संदर्भ-गणना आली. इशारा फसवा असला, तरी त्याने दाखवलेली जागा खरोखरच अवघड होती.

रिक्लेमची बाजू लॉकडेपला समजावण्यासाठी एफएस-रिक्लेम नावाचे एक काल्पनिक लॉक वापरले जाते. २०१७ साली ४.१४ मध्ये त्याला आजचे रूप आले. मेमरी मागणाऱ्या प्रत्येक जागी ते लॉक घेतल्यासारखे दाखवले जाते. त्याच वर्षी ४.१२ मध्ये 'या भागात फाइल सिस्टिमकडे परत जाऊ नका' असे थ्रेडपुरते सांगण्याची सोय आली. 'वाचन-लेखनच नको' असे सांगणारी नोआयओची सोय त्याआधी, २०१३ च्या ३.९ पासून होती. फसवा इशारा शांत करण्यासाठी मेमरी मागताना 'नो लॉकडेप' अशी खूणही लावता येते. ती लावण्याआधी डेडलॉक का होणार नाही हे दोन वाक्यांत लिहून दाखवता आले पाहिजे. लिहिता येत नसेल तर खूण लावू नये.

खरा निघालेला गुंता

लूप आणि डीएम-बफआयओ यांची गाठ पडली की सगळे फसवेच असते, अशी समजूत २०१९ च्या एका प्रकरणाने कायमची मोडावी. लूप डिव्हाइसवर थिन व्हॉल्यूम होते आणि मेमरी संपत आली होती. एका प्रोसेसने मेमरी मागितली, रिक्लेमने डीएम-बफआयओच्या श्रिंकरला बोलावले, श्रिंकरने आपले लॉक घेतले आणि एका बफरचे लेखन पूर्ण होण्याची वाट पाहत बसला. ते लेखन खालच्या लूपकडे गेले. लूपच्या थ्रेडने थेट आयओ करण्यासाठी मेमरी मागितली, मेमरी नव्हती, म्हणून त्याच्याही हातून रिक्लेम सुरू झाला आणि तो पुन्हा त्याच श्रिंकरच्या दारात उभा राहिला. दोघेही कायमचे थांबले.

यातला अर्धा भाग लॉकचा आणि अर्धा आयओ पूर्ण होण्याच्या प्रतीक्षेचा आहे. आयओची प्रतीक्षा लॉकडेपच्या नकाशावर लॉक म्हणून येत नाही, त्यामुळे अशा वर्तुळाची चाहूल त्याला लागतेच असे नाही.

पहिल्या दुरुस्तीत श्रिंकरने लॉक मिळाले तरच पुढे जावे, नाहीतर परत फिरावे, असे केले गेले. ५.३ आवृत्तीच्या तयारीतच ती मागे घेण्यात आली. कारण अडकलेल्या प्रोसेसचा स्टॅक नीट वाचला, तर ती म्युटेक्सवर थांबलेली नव्हतीच. स्टॅकच्या माथ्यावर आयओची वाट पाहणारे फंक्शन होते, म्हणजे म्युटेक्स आधीच हातात आले होते. लॉक घेण्याची रीत बदलून त्या पुढच्या थांबण्यात काहीच फरक पडत नव्हता. खरी दुरुस्ती लूपमध्ये झाली: त्याच्या काम करणाऱ्या थ्रेडला नोआयओची खूण लावली, म्हणजे मेमरी मागताना तो आता रिक्लेमला वाचन-लेखन करू देत नाही. वर्तुळ तिथेच तुटले. स्टॅकमधली माथ्याची एक ओळ काळजीपूर्वक वाचणे आणि न वाचणे यात एवढे अंतर असते.

क्यू गोठवण्याची नवी तपासणी

वरच्यासारख्या प्रतीक्षा लॉकडेपला दाखवण्याचा मोठा प्रयत्न ६.१३ मध्ये झाला. ब्लॉक डिव्हाइसची रचना बदलताना त्याची क्यू गोठवावी लागते: चालू विनंत्या संपू देणे आणि नव्या अडवणे. हे गोठवणे आणि क्यूत शिरणे या दोन्ही क्रिया लॉकसारख्या मानून लॉकडेपला सांगण्यात आल्या, आणि वर्ग मिसळू नयेत म्हणून प्रत्येक क्यूला स्वतःची चावी दिली गेली. लगेच इशाऱ्यांचा पूर आला. त्यांतले काही फसवे होते; उदाहरणार्थ, डिव्हाइस अजून जगासमोर आलेलेच नसताना केलेले गोठवणे, जिथे दुसरे कोणी अडकण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे तपासणी वगळली गेली.

पण पुष्कळ खरे होते. क्यू गोठलेली असताना त्याच थ्रेडने सरळ मेमरी मागितली, तर रिक्लेम त्याच गोठलेल्या क्यूवर पाने लिहायला पाठवू शकतो आणि ती पाने कधीच उतरत नाहीत. एकेका ड्रायव्हरमधली एकेक मागणी सुधारत बसण्याऐवजी पुढे गोठवण्याच्या क्रियेतच नोआयओचा भाग आपोआप सुरू होईल अशी सोय करण्यात आली. एका ठिकाणच्या बदलाने इशाऱ्यांचा एक पूर्ण प्रकार नाहीसा झाला. नव्या तपासणीने आलेल्या गोंगाटाला उत्तर म्हणून तपासणी बंद केली असती, तर हे साधले नसते.

वेळेवरून येणारे इशारे

एखादी प्रोसेस १२० सेकंद मोडता न येणाऱ्या झोपेत राहिली की हंग टास्कची नोंद येते. आभासी यंत्रांत याचे नेहमीचे कारण संथ डिस्क आणि भरपूर मेमरी यांची विषम जोडी असते. पेज कॅशमध्ये न लिहिलेली पाने उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत साचू देण्याची मुभा मुळात असते. ६४ जीबी मेमरीच्या यंत्रावर हा ढीग सहज १० जीबीच्या वर जातो आणि वेगावर मर्यादा असलेल्या आभासी डिस्कवर तो उतरवायला कित्येक मिनिटे लागतात. मर्यादा टक्क्यांऐवजी बाइटमध्ये कमी बांधून दिली की इशारा थांबतो. सॉफ्ट लॉकअपचेही तसेच: यजमान यंत्राने आभासी सीपीयूला वीस-बावीस सेकंद वेळच दिला नाही, तर पाहुण्या कर्नलला वाटते की आपलाच कोड अडकला. स्टील टाइमचा आकडा तेव्हा वाढलेला दिसतो.

संथ की अडकलेले हा निवाडा मात्र अंदाजाने करू नये, कारण वरचा लूप-बफआयओचा डेडलॉकही याच १२० सेकंदांच्या नोंदीतून बोलतो. मनोऱ्यातल्या प्रत्येक थराची 'इनफ्लाइट' फाइल सिसएफएसमध्ये असते. तळच्या डिव्हाइसवर पूर्ण झालेल्या विनंत्यांचा आकडा वाढत असेल, तर काम चालू आहे. वरच्या थरावर विनंत्या प्रलंबित आणि तळाला शून्य असे चित्र स्थिर राहिले, तर मधल्या कुठल्यातरी थराने विनंती गिळली आहे किंवा तो स्वतः मेमरीची वाट पाहतो आहे. सिसआरक्यू-डब्ल्यूने अडकलेल्या सर्व प्रोसेसचे स्टॅक एकदम मिळतात. काही सेकंदांच्या अंतराने ते दोनदा घ्यावेत आणि ताडून पाहावेत.

न दिसणारे पॉइंटर

कॅटलिन मारिनास यांचा केमेमलीक २००९ साली २.६.३१ मध्ये आला. दर दहा मिनिटांनी तो मेमरी चाळतो आणि ज्या वस्तूचा पत्ता कुठेच सापडत नाही ती गळाली असे मानतो. पान-वाटपातून थेट घेतलेली मेमरी तो आपणहून चाळत नाही. ब्लॉक स्तर विनंत्यांचा साठा अशाच थेट पानांत ठेवतो आणि ड्रायव्हर त्या विनंत्यांत आपल्या वाटपाचे पत्ते लिहितो. ते पत्ते केमेमलीकला दिसत नाहीत, आणि जिवंत वस्तू गळालेल्या ठरतात. ब्लॉक स्तराच्या कोडमध्ये यासाठी ती पाने केमेमलीककडे मुद्दाम नोंदवली आहेत. एकेक वस्तू 'ही गळती नाही' म्हणून माफ करण्यापेक्षा हा मार्ग सरस आहे, कारण त्याच पानांतून उद्या खरी गळती झाली तर ती पकडली जाईल.

शोधाची रीत

नोंदीतला पहिला इशारा घ्यावा. नंतरचे बहुधा त्याचेच पडसाद असतात. त्या वेळी टेंट कोणता होता ते पाहावे. कर्नलसोबत येणाऱ्या स्टॅक उलगडणाऱ्या स्क्रिप्टने पत्त्यांचे फाइल आणि ओळीत रूपांतर करावे. मग एलएसबीएलके, लोसेटअप आणि डीएमसेटअपच्या झाडरूपी यादीतून मनोरा कागदावर उतरवावा, आणि इशाऱ्यातले प्रत्येक नाव किंवा लॉक त्या चित्रातल्या नेमक्या कोणत्या थराचे, कोणत्या प्रतीचे, हे लिहावे. लॉकडेपचा अहवाल वर्गाची नावे देतो, प्रतीची नाही. ही जोडणी माणसालाच करावी लागते आणि बरेच गुंते याच टप्प्यावर सुटतात.

पुनरुत्पादनासाठी खऱ्या डिस्कची गरज नसते. मेमरीवर चालणारे नल-ब्लॉक, बीआरडी आणि साध्या फाइलींवरचे लूप यांतून क्यूईएमयूच्या छोट्या यंत्रात हवा तो मनोरा उभा करता येतो, आणि मेमरी मुद्दाम कमी दिली की रिक्लेमची वाट लवकर उघडते. आधी एक प्रत, मग दोन शेजारी, मग एकीवर दुसरी: या तीन पायऱ्यांत इशारा कोणत्या पायरीला येतो यावरून गल्लत नावाची, वर्गाची की क्रमाची हे कळते. इशारा नव्या आवृत्तीतच दिसू लागला असेल, तर गिट बायसेक्ट करताना एक भान ठेवावे. बायसेक्ट पुष्कळदा तपासणी आणणाऱ्या बदलावर येऊन थांबते, चुकीच्या कोडवर नाही. डीएम-बफआयओचे नाव वर्षानुवर्षे तेच होते, तपासणी ६.१२ मध्ये आली.

दुरुस्तीच्या नोंदीत इशाऱ्याचा मूळ मजकूर, मनोरा उभा करण्याच्या आज्ञा, धोका नव्हता असे ठरवण्याचे कारण आणि 'फिक्सेस'ची ओळ असावी, म्हणजे स्थिर आवृत्त्यांकडे तो बदल पोचतो. ब्लॉकटेस्ट्समध्ये त्या मनोऱ्याची चाचणी घातली तर उत्तम. आणि चाचणी निर्धोक पार पडली असे लिहिण्याआधी प्रॉकमधल्या लॉकडेप-स्टॅट्स फाइलीत डीबग-लॉक्सचा आकडा १ आहे ना, हे पाहून घ्यावे. तो ० असेल तर लॉकडेप आधीच कुठेतरी बंद पडला होता आणि त्या चाचणीत लॉकांची तपासणी झालेलीच नाही.